आगबोटीतून नेलेली गादी

समुद्रकाठच्या त्या बंगल्यात पाहुणा म्हणून पाय ठेवल्यावर मी पहिलं काम केलं ते असं : दिवेलागणीला आमच्या शेठच्या आईच्या खोलीतून धूर येताना दिसला, म्हणून ओट्यावरचा भरलेला हंडा उचलला, आत धावलो आणि सगळाच्या सगळा तिच्या पलंगावर पालथा केला.

पलंगाशेजारी धुपाटणं होतं. त्यात ऊद जळत होता. म्हातारी हात जोडून देवापुढे बसली होती. ती हात तसेच जोडलेले ठेवून माझ्याकडे वळली. आता ते देवाला जोडलेत की मला, हे काही कळेना.

"भाई," ती म्हणाली, "ए तो पीवानुं पाणी हतुं."

त्या मुलखात विहिरीचं पाणी खारं. प्यायचं गोडं पाणी कुठून तरी लांबून, उंटावर लादलेल्या पखालीतून, रोज सकाळी एकदा यायचं. म्हणजे घरातल्या सगळ्यांचं उद्या सकाळपर्यंतचं पाणी मी एका धुपाटण्यावर खर्च केलं होतं. रात्री सगळ्यांनी ताक पिऊन काढली. कुणी मला एक शब्द बोललं नाही, त्यामुळे जास्तच वाईट वाटलं. फक्त आमचं कुटुंब दाराआडून म्हणालं, "अजी, येऊन घटका नाई झाली. जरा दम त धरा नं बाप्पा!"

मी असं का केलं, हे सांगायचं तर आधी धंदा सांगितला पाहिजे.

मी कारंज्याला एका कापसाच्या जिनात मुकादम. जिन म्हणजे काय, हे ज्यांच्या गावात जिन नाही त्यांच्यासाठी सांगतो. शेतकऱ्याचा कापूस बंडीतून येतो, त्यात सरकी असते. यंत्राला चामड्याचा रूळ असतो आणि त्याला टेकून एक लोखंडी पातं. कापूस वरून सोडला की रूळ रुई ओढून पुढे नेतो आणि सरकी खाली पडते. पुढे ती रुई प्रेसमध्ये दाबून, लोखंडी पट्ट्यांनी आवळून तिच्या गाठी बांधतात. काम सोपं आहे. माझ्यासारख्याला जमलं, यावरूनच समजा.

अवघड असते ती आग. कापसात एखादा खडा आला, पात्यावर घासला, ठिणगी पडली, की तेवढं पुरतं. मंगरूळकडचे एक पाटील होते. त्यांच्या कापसात दर खेपेला खडे निघायचे. वजन वाढावं म्हणून कुणी खडे घालतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण या पाटलांची तऱ्हा निराळी. मी खडा काढून दाखवला की ते तो तळहातावर घेऊन उलटासुलटा पाहायचे आणि म्हणायचे, "हा आमच्या वावरातला नाई, मुकादम. आमच्या वावरातले खडे काळे असतात." एकदा काळा निघाला. तो दाखवला तेव्हा म्हणाले, "हा आमचाच. कुठं सापडला? हरवल्ता."

उघड्या रुईला आग लागली तर दिसते, बादल्या मारता येतात. पण ठिणगी जर गाठीच्या पोटात दाबली गेली, तर ती तिथे आतल्या आत बसून राहते. धूर नाही, जाळ नाही. कधी आठवडा, कधी त्याहून जास्त. आत हवा नावापुरतीच असते, म्हणून मरतही नाही आणि भडकतही नाही. कुणी शंका आली म्हणून गाठ सोडली, की आत वारा शिरतो आणि सोडणाऱ्याच्या तोंडावर जाळ येतो. वरून पाणी ओतलं तर ताज्या रुईत पाणी शिरत नाही, अळवाच्या पानावरून जावं तसं ओघळून जातं. मग आमच्याकडे शंकेच्या गाठी मैदानात बाजूला ठेवायच्या आणि मी रोज सकाळी त्यांच्याभोवती फिरायचं. नाकाने हुंगायचं आणि पंजा टेकवून पाहायचं, कुठे ऊब लागते का. माझा पगार खरं म्हणजे माझ्या या दोन अवयवांचा होता. बाकीचा मी फुकट.

हंगाम संपत आला तेव्हा माझा खोकला थांबेना. डॉक्टर म्हणाले, छातीत रुईचा भुसा बसलाय, समुद्रावर जा. आमचे शेठ कच्छी. त्यांचा कच्छात, मांडवीच्या पलीकडे समुद्राला लागून बंगला, तिथे त्यांची आई राहायची. शेठ म्हणाले, "मारी बा पासे जाव. बायकोला घेऊन जाव. कसला आवाज नाय, कसला काम नाय. खाओ, बैठो, दर्या देखो." पोरं रिठदला मामाकडे धाडली आणि निघालो.

रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून बासाठी एक गादी भरून घेतली. आमच्या वऱ्हाडातली रुई, आमच्याच जिनातली. पट्ट्यापट्ट्यांचं कापड मी स्वतः निवडलं. गादी ठासून भरायला सांगितली, मग दोघांनी वर बसून तिचा वळकटा करून दोरांनी आवळला आणि वर ताडपत्री शिवली. प्रवासात भिजू नये म्हणून. तिची मी जवळजवळ गाठच केली होती, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

मुंबईहून मांडवीला आगबोटीने जायचं. मूर्तिजापूरपर्यंत छोटी गाडी, मग मोठी गाडी, मग ती आगबोट. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही डेकवर सतरंजी टाकून बसलो होतो. चहूकडे पाणी. मला बरं वाटत होतं. कुटुंबालाही बरं वाटत असावं, कारण ती आपणहून बोलायला लागली.

"गादीवाला मोठा चोखंदळ हाय बरं," ती म्हणाली. "तुमी आदल्या दिसची रुई काढून ठेवली होती नं, ते त्यानं घेतलीच नाई. म्हने दबून बसली. त्या भिताडापासच्या ढिगातली ताजी घेतली. म्हने हे फुलेलच हाय, पिंजा लागत नाई."

"कोनत्या भिताडापासच्या?"

"मोठ्या. जिथं तुमची मानसं बादल्या घेऊन धावून राह्यली होती, त्याच्या बाजूच्या."

गादी भरली त्याच सकाळी भिंतीजवळच्या ढिगाला आग लागली होती. लहानशी. आम्ही विझवली. मी स्वतः पंजा फिरवून शेठला सांगितलं होतं, विझली. तरी नेम म्हणून त्या दिवसाच्या सगळ्या गाठी मैदानात बाजूला काढून ठेवल्या होत्या. सगळ्या. एक सोडून. ती एक आगबोटीच्या पोटात, इतरांच्या सामानाखाली, ताडपत्रीत शिवलेली, शेठच्या आईकडे भेट म्हणून चालली होती.

"काय झालं?" कुटुंबाने विचारलं. "बोट लागून राह्यली का?"

"हो," मी म्हणालो.

तिला खरं सांगायला काय हरकत होती? तर हिच्या पोटात काही राहत नाही, अशी माझी पक्की समजूत. उतरल्या उतरल्या ही बाला सांगणार, बा शेठला कळवणार : तुझ्या मुकादमाने मला पलंगावर आग अंथरून दिली. त्यानंतर माझं नाक आणि पंजा कोणत्या जिनात घेतले असते? आणि मी न सांगावं तर म्हातारी त्या गादीवर झोपणार. मी ठरवलं, पोचल्याबरोबर गादी बाहेर वाळूत ठेवायची, काही तरी निमित्त काढायचं आणि वाट पाहायची.

पण बंगल्याच्या दारात बैलगाडी थांबली न थांबली, तोच महाराजाने, म्हणजे तिथल्या स्वयंपाक्याने, वळकटा खांद्यावर घेतला आणि मी "अरे, अरे" म्हणेपर्यंत दोर कापून, गादी झटकून, बाच्या पलंगावर घातलीसुद्धा. झटकून! म्हणजे चांगला वारा घालून. त्यानंतर तासाभराने त्या खोलीतून धूर दिसला. आता सांगा, तुम्ही हंडा उचलला नसता का?

दुसऱ्या दिवशी गादी अंगणात वाळत घातली होती. मी सहज गेल्यासारखा गेलो आणि पंजा टेकवला. तापली होती. आणखी एका ठिकाणी टेकवला. तिथेही तापली होती. मग लक्षात आलं की मी वाळवंटात, उन्हात ठेवलेली गादी तपासतोय. मी शिवण उसवायला बसलो, म्हटलं रुई मोकळी करून वाळवतो. बा काठी टेकत आली आणि माझ्या हातातली सुरी काढून घेतली.

"मेहमान काम नहीं करेगा. जाव, दर्या देखो."

मग मी दर्या पाहिला. संध्याकाळी परत आलो तर अंगणात गादी नव्हती. बाच्या पलंगावर जाड कच्छी गोधडी अंथरलेली होती, भरतकामाची, आरसे लावलेली. म्हणजे तिच्याखाली गादी.

जागा मात्र खरंच सुंदर होती, हे कबूल केलं पाहिजे. मागे नजर पोचेल तिथवर पिवळं रान, त्यात खुरटी बाभळं आणि कधीमधी एखादा उंट, जो कुठे चाललाय हे त्यालाच ठाऊक. पुढे समुद्र, अगदी शांत, पाटाच्या पाण्यासारखा. माणूस नाही, आवाज नाही, भोंगा नाही. सकाळी दूध, दुपारी बाजरीची भाकरी, लोणी, गूळ. आमचं कुटुंब ओल्या वाळूवरून हळूहळू चालायचं आणि शंख वेचायचं. मी तिला इतकी निवांत कधी पाहिली नव्हती. खरं म्हणजे तेव्हाही नीट पाहिली नाही. माझं सगळं ध्यान म्हातारीच्या खिडकीकडे.

मी माझी बाज त्या खिडकीखाली आणून टाकली. म्हणालो, इथे वारा चांगला लागतो. कुटुंब आत, आम्हाला दिलेल्या खोलीत झोपायचं, मी बाहेर. दर थोड्या वेळाने उठायचं आणि खिडकीच्या गजाला नाक लावायचं. दिवसा काही ना काही काम काढून बाच्या खोलीत जायचं. आज राम राम करायला, उद्या पोथी उचलून द्यायला. आणि वाकल्यावर एक दीर्घ श्वास.

चार दिवस हे चाललं आणि बाच्या लक्षात आलं. तिने मला खूण करून जवळ बोलावलं. तिने उशीखालून चांदीची डबी काढली.

"मुझे सब समझता है," ती हसून म्हणाली. "रोज आता है, रोज सूंघता है. मांगने का, भाई! इसमें शरमाने का क्या?"

डबीत तपकीर होती. तिला वाटलं, मी तिच्या तपकिरीच्या वासावर येतोय. नाही म्हणावं तर मग हुंगतो कशाला? मी चिमूट ओढली. इतका शिंकलो की बाहेरचा उंट उठून उभा राहिला. बाला फार आनंद झाला. त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ मला बोलावून तपकीर द्यायचा तिचा नेमच झाला. त्या तपकिरीने माझं नाक बाद केलं. समुद्राचा वास येईना, माशांचा येईना, हिंगाच्या फोडणीचा येईना. आता ती गादी माझ्या नाकाखाली धुमसली असती तरी मला कळलं नसतं.

राहिला पंजा. पण मालकाच्या आईच्या अंथरुणात हात घालणारा मुकादम अजून जन्माला यायचाय. मी कुटुंबाला हळूच म्हणालो, "अवो, तू बाच्या खोलीत जात असतेस. तिच्या गादीले सहज हात लावून पाय बरं. ऊब लागते का."

तिने माझ्याकडे पाहिलं. "म्हातारीच्या गादीले? काहून?"

"असंच. थंडी वाजत असन तिले."

"ह्या उन्हात?" ती म्हणाली, "अजी, तुमचा खोकला राह्यला, पन हे दुसरंच काय सुरू झालं? दोपारच्या उन्हात नका जात जाऊ."

खोकला खरंच राहिला होता. मला तेही कळलं नव्हतं.

दिवस जात होते तशी माझी काळजी कमी व्हायला हवी होती. झालं उलटंच. पहिल्या वर्षी आमच्याकडे एक गाठ अशीच शांत पडून होती. सगळे म्हणाले, आता काही नाही, घ्या आत. मीच एकटा म्हणालो, थांबा. आणि त्याच दुपारी तिच्या बगलेतून बारीक पिवळट धूर निघाला. त्या एका गाठीने मला मुकादम केलं. तेव्हापासून मला कशाचीच 'आता काही नाही' अशी खात्री वाटत नाही. म्हातारी पहाटे पलंगावर उठून बसलेली दिसली की माझा जीव खाली बसायचा, आणि तिने दुपारी पुन्हा पाठ टेकली की पुन्हा वर.

निघायला थोडे दिवस राहिले असताना, एका दुपारी, समुद्रात बुडी मारून मी पंचा घ्यायला आमच्या खोलीत शिरलो. इतक्या दिवसांत त्या खोलीत मी फक्त कपडे घ्यायला जायचो. खोलीत कुणी नव्हतं. अंथरुणावर एक गोधडी पसरलेली. पंचा उशाशी होता, तो उचलताना तोल सावरायला मी अंथरुणावर हात टेकवला.

ऊब.

खिडक्या लावलेल्या, ऊन कुठून येणार? मी पंजा थोडा सरकवला. गार. परत तिथे नेला. गरम. चांगलीच, एका जागी, पाठ टेकते त्या जागी. असंच असतं. आग गाठीत असली की अशीच एका जागी लागते. मी गोधडीचं टोक वर केलं आणि खाली पट्ट्यापट्ट्यांचं कापड दिसलं. मी निवडलेलं.

पुढे मी काय केलं ते मला तुकड्यातुकड्यानेच आठवतं. "आग!" म्हणून ओरडलो. गोधडीसकट गादीचा बोळा केला आणि छातीशी धरून पळत सुटलो. चुलीपाशी महाराजाची सुरी पडली होती, ती उचलली. महाराज ओरडत मागे, उंटवाला त्याच्या मागे. समुद्राशी पोचलो, गोधडी एकीकडे फेकली, गादी पाण्यात ओढली आणि टराटरा फाडली. मूठमूठ रुई काढायची, पंजात दाबायची, फेकायची. वारा सुटला होता. सगळ्या किनाऱ्यावर रुई. बाभळींवर रुई, उंटाच्या कुबडावर रुई, पाण्यावर रुई. इतकं मोकळं वाळवंट, पण दोन घटकांत तिथे आमच्या जिनासारखं दिसायला लागलं. गादी संपली. आत काळा ठिपकासुद्धा नव्हता.

तेवढ्यात कुटुंब आलं. ती पळत नव्हती. एक हात कमरेवर ठेवून, पाय ओढत येत होती. ती आली, गोधडी उलगडली आणि तिच्या घडीतून फडक्याची एक पुरचुंडी काढून माझ्यापुढे धरली.

"हे घ्या तुमची आग."

पुरचुंडीत वाळू होती. तव्यावर भाजलेली. अजून गरम.

मागून बा आली, महाराजाच्या खांद्याला धरून, धापा टाकत. तिने मला सगळं सांगितलं, म्हणजे माझ्याच घरातलं. पहिल्या दिवशी गादी भिजली, ती वाळल्यावर बाने ती आपल्या पलंगावर घातलीच नाही. "मेरे को खाट चलती है. वहू की कमर दुखती है, नई गादी पर उसको आराम." कुटुंब ओल्या वाळूवरून हळूहळू चालायचं ते निवांत म्हणून नाही, कंबर धरली होती म्हणून. बाने ते पहिल्याच दिवशी ओळखलं. रोज दुपारी भाजलेल्या वाळूचा शेक, वरून तेल. शेक घेऊन ती बाकडे केस विंचरायला गेली होती, पुरचुंडी गोधडीखाली, गादीवरच राहिली होती.

म्हणजे मी ज्या पलंगावर इतके दिवस पहारा केला, त्यावर गोधडीखाली नुसती सुंभाची जाळी होती. आणि ज्या गादीला मी घाबरत होतो, तिच्यावर रोज माझी बायको झोपत होती.

"तू मले सांगतलं काहून नाई?" मी म्हणालो. "गादीचं?"

"मालकाच्या मायची गादी घेतली म्हनून तुमी मले थितंच त्या उंटावर बसवून धाडलं असतं."

हे खरं होतं. मग मी त्यांना माझं सांगितलं. भिंतीजवळचा ढीग, आगबोट, धूप, सगळं. बा ऐकत होती. शेवटी तिने डबी काढली, स्वतः एक चिमूट ओढली आणि एवढी हसली की महाराजाला तिला वाळूवर बसवावं लागलं. "शेठ को मैं नहीं बोलूंगी," ती म्हणाली. "मगर मेरे लिए इतना कोई नहीं जागा." मग तिने पदरात कोरडी रुई वेचायला सुरुवात केली, देवापुढच्या वातींसाठी. आम्हीही वेचू लागलो. माझी शंका अगदीच वेडी होती असंही नाही. कारंज्याला परतल्यावर कळलं की मैदानात ठेवलेल्या त्या दिवसाच्या गाठींपैकी एक मधोमध काळी निघाली होती. हे मी कुटुंबाला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. ती म्हणाली, बरं.

पण त्या दुपारी, किनाऱ्यावर, ती खाली वाकू शकत नव्हती. मी रुई वेचून तिच्या ओंजळीत देत होतो. मी विचारलं, "किती दिसापासून दुखते?"

"मधल्या पोराच्या वेळपासून."

मधला तेव्हा शाळेत जायला लागला होता. तिने ओंजळीतल्या रुईवर वारा लागू नये म्हणून दुसरा हात धरला.

"इतक्या वर्सात एकदा हात लावून पाह्यला तुमी," ती म्हणाली, "तोई गादीले."